निरोपाला धनी कोण?

ऑक्टोबर १९४५ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील वारली मुलखात एक निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाई परुळेकर येणार आहेत, त्यांच्या जिवावर गुंड टपले आहेत, तेव्हा हातात काठी घेऊन या, असा तो निरोप होता. हजारो वारली रात्रीच्या अंधारात चालत तलवाड्याला पोहोचले. सभा नव्हतीच. किसान सभेच्या इतिहासात नोंदले आहे त्याप्रमाणे तो निरोप जमीनदारांच्या माणसांनी सोडलेला होता. आणि आदिवासी आमच्यावर चालून येत आहेत, अशी वर्दीही त्यांनीच सरकारकडे पोहोचविलेली होती. पोलिसांनी गोळीबार केला. ११ ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या प्रकारात जेठ्या गांगड आणि इतर चौघे प्राणास मुकले.

हा निरोप खरा का वाटला, याचे उत्तर त्याआधीच्या काही महिन्यांत आहे. त्याच वर्षीच्या २३ मे रोजी, आज तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी गावी, वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा मोडून काढण्याचा निर्धार वारल्यांनी जाहीर केला होता. तो निर्धार डोंगरावरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत गेला तो छापील पत्रकाने नव्हे. वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तो गेला तोंडी निरोपाने. निरोप आणणारा माणूस ओळखीचा असे, त्याचा पाडा ठाऊक असे, आणि उद्या तो खोटा ठरला तर त्याला जाब विचारता येत असे. खोट्या निरोपाने ही वाट चोरली, आणि ती वाट विश्वासाची असल्यामुळेच तो इतका दूरवर पोहोचला.

तलवाड्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या मोटारीचा चालक यांचा जमावाने बळी घेतला. टाळेबंदीचे ते दिवस होते. मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेली ही मंडळी आडवाटेने चालली होती. मुले पळविणारी, माणसांची मूत्रपिंडे काढून नेणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या मुलखात पसरलेली होती; लोक रात्री पहारे देत होते. पोलिसांच्या डोळ्यांदेखत माणसे मारली गेली. या अपराधाची जबाबदारी ठरविणे हे न्यायासनाचे काम आहे. अफवेवर विश्वास ठेवला म्हणून हत्येचा दोष कमी होत नाही, हेही सांगून टाकले पाहिजे. परंतु अफवा तेथवर आली कशी आणि तिला वाटेत कोणीच का अडविले नाही, हा प्रश्न न्यायालयाबाहेर उरतोच. आणि तो डहाणूपुरताही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच संशयावरून ठार मारण्यात आले होते. मुले पळविण्याची जी चित्रफीत त्या वर्षी देशभर फिरली, ती वस्तुतः कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. शेवटी मूल सुखरूप परत दिल्याचे दाखविणारा भाग कोणीतरी कापून टाकला होता, एवढेच.

अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणून एक कल्पना आहे. कारखान्याचा धूर शेजारच्याच्या छातीत जातो, पण मालकाच्या खतावणीत त्याची नोंद होत नाही. निरोपाचेही आज तेच झाले आहे. भ्रमणध्वनीवर मजकूर पुढे ढकलणाऱ्याला काही खर्च येत नाही. तो खरा की खोटा याची शहानिशा करण्याचा सारा खर्च, म्हणजे वेळ, पायपीट आणि वाईटपणा, दुसऱ्या कोणावर तरी पडतो. १९४५ च्या निरोप्याला निदान दहा मैल चालावे लागत होते. व्हॉट्सॲपच्या चालकांनाही हे कळत नाही असे नाही. जुलै २०१८ मध्ये त्यांनी भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. गडचिंचल्याची रात्र त्यानंतर जेमतेम दहा दिवसांच्या आत आली. धुराड्याला जाळी बसविल्याने धूर कमी होतो; गावात वैद्य आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच राहतो.

हा वैद्य, म्हणजे गटावर लक्ष ठेवणारा माणूस, कोण? लोक गटप्रमुखाकडे बोट दाखवितात. पण त्याच्या हाती काय होते? सदस्य घ्यावयाचा किंवा काढावयाचा, एवढेच. म्हणूनच २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्णय दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी गटप्रमुखाला गुन्हेगार धरता येणार नाही. निर्णय योग्यच होता. अधिकार नाही तेथे दायित्व कसले? पुढे २०२२ मध्ये इतरांचा मजकूर सर्वांसाठी पुसण्याची सोय गटप्रमुखाला मिळाली. अधिकार थोडा वाढला, परंतु तो कसा वापरावा याचा कोणताही नियम गटाने स्वतः केलेला नसतो. परिणामी बहुतेक गट दोन टोकांना जातात. एक तर कोणीही काहीही टाकावे. नाही तर फक्त प्रमुखाने बोलावे, म्हणजे गट ही ग्रामपंचायतीची सूचनांची पाटी होते. मधली वाट, जिच्यावर माणसे बोलतात आणि एकमेकांना आवरतातही, कष्टाची आहे.

ती वाट मराठी माणसाला अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींनी १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू केली. पुढे 'मनोगत', २००७ मध्ये 'मिसळपाव', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' आली. द्रुपल नावाच्या, फुकट मिळणाऱ्या पण सामान्य वाचकाने कधी न ऐकलेल्या प्रणालीवर यांतल्या काहींचा संसार उभा राहिला. यंत्रावरची भाड्याची जागा चालकांच्या पदरखर्चाने, रात्रीचा वेळ त्यांचा, आणि शिव्याही त्यांनाच. तेथे धोरण लिहिलेले असे, मजकूर उडविला तर का उडविला यावर रणे माजत, आणि न पटणारी मंडळी उठून दुसरे घर थाटत. आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडले होते की, बिघडत चाललेल्या संस्थेत माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. मराठी संकेतस्थळांचा इतिहास हा या विवेचनाचा चांगला पाठ ठरावा.

परंतु पाड्यातून बाहेर पडता येत नाही. पुण्यातील वा न्यू जर्सीतील सदस्य एक घर सोडून दुसऱ्यात जातो. तलासरीच्या डोंगरावरील माणसाचा शेजार, विहीर आणि सोयरीक तेथेच असते. गटातून निघाला तर निरोपाला मुकतो, राहिला तर अफवेलाही बांधला जातो. म्हणजे त्याच्या हाती उरतो तो केवळ आवाज, आणि तो उठविण्याची रीत आधी ठरलेली असावी लागते. सामायिक कुरणे, जंगले आणि पाटाचे पाणी लोक स्वतः नियम करून कसे टिकवितात, याच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा टिकलेल्या व्यवस्थांत काही गोष्टी वारंवार पाहिल्या: सभासद कोण हे स्पष्ट असते, नियम वापरणारेच करतात, राखणदार त्यांच्यातलाच असतो, चुकणाऱ्याला पहिल्या वेळी हलकी शिक्षा होते, तंटा जागच्या जागी आणि स्वस्तात मिटतो. व्हॉट्सॲपच्या गटात यांपैकी जवळजवळ काहीच नसते. पाड्याच्या बैठकीत यांतले बरेचसे असते.

पाड्याच्या या बैठकीला कायद्याचे बळही आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तलासरीत दहांतील सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते आणि स्वतःची ग्रामसभा भरविता येते. जंगल, पाणी, बाजार यांविषयी ती ठराव करते. पाड्याचा निरोप कोणत्या वाटेने यावा, परका माणूस दिसला तर आधी कोणाला कळवावे, ऐकलेली गोष्ट खोटी निघाली तर ती त्याच वाटेने मागे कशी घ्यावी, याचा ठराव तिने का करू नये? शहरातल्या सुशिक्षितांना हे क्षुल्लक वाटेल. (शहरातील गृहसंस्थांच्या गटांवर काय फिरते, हे पाहिल्यावर हा तुच्छभाव फार काळ टिकू नये.)

संघटित झालेला हाच समाज दीर्घकाळ चिकाटीने एखादे काम तडीस नेऊ शकतो, याचा पुरावा जवळच आहे. वारली चित्रकला १९७० च्या दशकात बाहेरच्या जगाला दिसली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु मधल्या काळात चादरींपासून जाहिरातींपर्यंत कोणीही ती चित्रे उचलावीत, अशी अवस्था आली. शिकलेल्या आदिवासी तरुणांना संगणकाच्या जाळ्यावर एकत्र आणणाऱ्या, याच मुलखातल्या आदिवासी युवा सेवा संघाने या कलेच्या भौगोलिक निर्देशासाठी अर्ज केला, आणि २०१४ मध्ये तिची नोंद झाली. ही नोंद कोणालाही विकता वा हस्तांतरित करता येत नाही, आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मालकी समाजाची असली तरी तारखा लक्षात ठेवणारा कोणीतरी लागतोच.

निरोपाच्या बाबतीत हा कोणीतरी अजून सापडलेला नाही. शिक्षक आहे, आशा कार्यकर्ती आहे; दोघांच्याही डोक्यावर कामांचा बोजा आधीच पुरेसा आहे. कायद्याने नेमलेला माणूस पाहावयाचा तर तो पोलीस पाटील. १९६७ च्या अधिनियमाने गावातील घडामोडींची खबर वर पोहोचविणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे, आणि त्यासाठी त्याला मानधन मिळते. खबर खालून वर जावी, अशी ती रचना आहे. वरून, बाजूने, कोठूनही येऊन खाली पसरणाऱ्या खबरीची खातरजमा करून पाड्याला त्याच रात्री उत्तर देणे हे काम त्या अधिनियमात नाही, असण्याचे कारणही नव्हते. डहाणूच्या पूर्वेकडील गावांत पाडे डोंगरांनी एकमेकांपासून तुटलेले आहेत, आणि पोलीस पाटील गावाला एकच असतो.