वाऱ्याकडे पाठ, उताराकडे डोळे

जुलैमध्ये नाणेघाटात पाणी वर जातं. कड्यावरून झेपावणारी धार खाली पोचायच्या आत कोकणातून चढणारा वारा तिला उचलतो आणि पुन्हा पठारावर, बघायला आलेल्यांच्या तोंडावर भिरकावतो. हा उलटा धबधबा पाहायला शनिवार-रविवारी जुन्नरकडून गाड्यांची रांग लागते. त्या गर्दीत मला मात्र भलताच प्रश्न पडतो: जो प्राणी नाकावर जगतो, तो अशा वाऱ्यात काय करत असेल?

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला असे प्राणी आहेत. 1985 साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या रानांत सांबर आहे, भेकर आहे आणि पिसोरी आहे. चितळांचे मोठे कळप बघायचे तर विदर्भ गाठावा. इथली हरणं एकटी-दुकटी, लपून राहणारी. पिसोरी तर शास्त्राच्या हिशेबात खरं हरीणच नव्हे. सशाएवढा, दोन-चार किलोचा, शिंगं नसलेला हा जीव हरणांच्या फार जुन्या चुलत घराण्यातला.

या तिघांच्या वाट्याला आलेलं हवामानही काही साधं नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तिथून मंचर सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तिथे त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पडतो. आणि माथ्यावर एवढं पाणी पडूनही मार्चमध्ये ओढे कोरडे ठणठणीत होतात, कारण कातळ पाणी धरून ठेवत नाही.

आपल्याला हवा म्हणजे उकाडा, गारवा, ओल. हरणाला ती त्याहून मोठी गोष्ट आहे. कोणत्या घडीला नाक चालेल, कधी कान आणि कधी डोळे, हे हवा ठरवते. एक इंद्रिय तिने काढून घेतलं की हरीण आपलं वागणं बदलतं. या डोंगरात बिबट्या आहे, त्यामुळे हा बदल चुकून चालत नाही.

पावसाळ्यापासून सुरुवात करू. आषाढात आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला धुकं उतरलं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. डोळे गेले. वरून पाऊस थांबला तरी झाडं तासन् तास ठिबकत राहतात. पानापानावर टपटप, ओढ्यांचा घोष, आणि भिजलेल्या पाचोळ्यावर बिबट्याचं पाऊल अजिबात वाजत नाही. कानही गेले. उरलं नाक. ओल्या हवेत वास चांगला टिकतो आणि ओलसर नाकपुडी तो चांगला पकडते, पण घाटमाथ्यावरचा वारा एकाच दिशेचा. कड्याच्या काठावर उभ्या सांबराला कोकणातली खबर मिळेल. पाठीमागच्या कारवीत कोण दबा धरून बसलंय ते कळणार नाही. म्हणून हरणं बसताना अनेकदा वाऱ्याकडे पाठ करतात. मागचं नाक सांभाळतं, पुढच्या उतारावर डोळे असतात आणि दोन्ही कान, एकमेकांशी संबंध नसल्यागत, वेगवेगळ्या दिशांना फिरत राहतात. झड लागली की ती वाऱ्याच्या आडोशाच्या घळी धरतात आणि उघडीप पडली की मोकळ्या जागी चरायला येतात. तिथे निदान वरून ठिबकत नाही.

पाऊस सरला की खेळ उलटतो. हिवाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, दिवसा आणि रात्री वेगळा वारा वाहतो. सकाळी ऊन चढू लागलं की डोंगराची उतरण तापते आणि हवा दरीतून वर सरकते. संध्याकाळी उतरण निवते, गार हवा जड होते आणि ओढ्याच्या वाटेने खाली वाहू लागते. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत हा रोजचा शिरस्ता आहे. दुपारी वरच्या अंगाला रवंथ करत बसलेल्या सांबराला खालून येणाऱ्याचा वास आपसूक मिळतो. तिन्हीसांजेला ते पाण्यावर उतरतं तेव्हा वारा पाठीशी असतो, म्हणजे आता पुढचं काहीच नाकाला कळत नाही. पाणवठ्याच्या अलीकडे सांबर इतका वेळ का थांबतं, हे यावरून उलगडतं. मान ताठ, एक पुढचा पाय किंचित उचललेला. संशय आला तर तो पाय जमिनीवर आपटतं, शेपटी उभी करतं आणि 'ढाँक्' असा आवाज देतं. पाणी चार पावलांवर असूनही ते न पिता माघारी जाऊ शकतं.

त्याच थंड रात्री भेकराचं भुंकणं एवढं लांब का ऐकू येतं, त्याचंही कारण हवेतच आहे. खोऱ्याच्या तळाशी गार हवा साचते, तिच्यावर ऊबदार हवेचा थर. आवाज वर निसटू पाहतो आणि तो थर त्याला पुन्हा जमिनीकडे वाकवतो. भरदुपारी नेमकं उलटं घडतं: तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळून जातो. जेमतेम पंचवीस किलोचं जनावर, पण रात्री त्याची हाकाटी पलीकडच्या वाडीपर्यंत पोचते.

उन्हाळ्यात हवा पारडं एका बाजूने हलकं करते, तर दुसऱ्या बाजूने भरते. कोरड्या, तापलेल्या हवेत वास विरून जातो, पण पानगळ झालेली असते. ऐन, हिरडा, बेहड्याचा वाळका पाचोळा जमिनीवर पसरलेला असताना कोणालाही, अगदी बिबट्यालाही, आवाज न करता चालणं अवघड. खरा प्रश्न असतो उष्णतेचा. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात चारा कुजत असतो आणि त्यातूनही उष्णता निघते, म्हणून सांबर भर उन्हात चरत नाही. सावलीत बसतं, चिखलात लोळतं आणि चरायचं काम रात्रीवर ढकलतं.

मेंदू थंड ठेवायची त्याची सोय तर थक्क करणारी आहे. धापा टाकताना ओल्या नाकातलं पाणी उडून जातं आणि माठातल्यासारखा गारवा तयार होतो. नाकातलं हे गार रक्त परतताना मेंदूच्या तळाशी एका पोकळीत साठतं. मेंदूकडे निघालेली गरम रक्ताची रोहिणी नेमकी त्याच पोकळीत शेकडो बारीक फाट्यांत विभागते, त्या गारव्यात निवते आणि मगच वर जाते. हरीण, शेळी, गाय, सगळ्यांकडे ही जाळी आहे. पण आग्नेय आशियातल्या पिसोरीच्या भाऊबंदांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यात ती सापडलीच नाही. दाट सावलीत, रात्री वावरणाऱ्या या जुन्या घराण्याला बहुधा तिची गरजच पडली नसावी. तापलेल्या उघड्या माळावर पिसोरी का दिसत नाही, याचं थोडं उत्तर मला इथे सापडतं.

ऋतू शिंगांतही उतरतो. सांबराची शिंगं साधारण उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी वाढतात आणि थंडी पडेस्तोवर टणक होतात. माजाचा हंगामही तेव्हाच. सुमारे आठ महिन्यांनी, म्हणजे पहिल्या पावसाच्या आसपास, कोवळ्या चाऱ्याच्या दिवसांत पाडसं येतात. भेकर असल्या मुहूर्ताची वाट बघत नाही. त्याची मादी वर्षभरात केव्हाही विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. (पूर्वी घरोघरी सांबरशिंग उगाळून छातीला लावत. आता गळून पडलेलं शिंग उचलणंसुद्धा गुन्हा आहे, हे गिर्यारोहकांनी लक्षात ठेवावं.)

मग नुसती हवा बघून हरणं कधी बाहेर पडतील ते सांगता येईल का? अमेरिकेतले शिकारी हवेचा दाब, वादळ यांवरून हरणांचे अंदाज बांधतात. गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांनी मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली: हवा कशीही असो, पहाट आणि संध्याकाळची हालचाल सहसा मोडत नाही. हवामान त्या वेळापत्रकात फेरफार करतं, ते पुसून टाकत नाही.

एका गोष्टीत मात्र हवामान सगळं उलथवू शकतं, ती म्हणजे पाणी. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात वनविभाग राज्यभर पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतो. भीमाशंकरलाही माणसं रात्रभर बसतात. रान कोरडं असेल तर पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, तेव्हा सांबराला तिथे यावंच लागतं. पण आदल्या आठवड्यात वळीव कोसळला, कातळातल्या खळग्यांत पाणी साचलं, की त्याच मचाणासमोरून रात्रभर एखादं रानडुक्करच जातं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'प्राण्यांची संख्या घटली' असा मथळा येतो. तो वाचताना आधी त्या आठवड्यातला पाऊस बघावा. सांबरं कुठे गेलेली नसतात. त्या रात्री त्यांना खाली उतरायचं कारण नसतं, एवढंच.