उधळ्या वारसाचा ट्रस्ट: एकच वर्ष, दोन उत्तरं

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था आठवते. आजचा विषय खासगी ट्रस्टचा आहे. अमेरिकेत वारसाच्या वाट्याचा पैसा त्याच्या घेणेकऱ्यांपासून आणि खुद्द त्याच्यापासूनही वाचवायला ट्रस्टमध्ये ‘स्पेंडथ्रिफ्ट’ म्हणजे उधळ्या वारसासाठीचं कलम घालतात. माझं शिक्षण विज्ञानाचं. पण कायद्याचा नियमसुद्धा प्रयोगासारखा वाचता येतो. आधी तो कसा चालतो ते पाहायचं, मग तो कुठे थांबतो ते.

कलम काय करतं?

समजा, आईने मोठी रक्कम विश्वस्ताकडे सोपवली आणि तिचं उत्पन्न मुलाला दर सहा महिन्यांनी द्यायला सांगितलं. साध्या ट्रस्टमध्ये मुलाचा हा हक्क म्हणजे त्याची मालमत्ताच. तो हक्क तो विकू शकतो, आणि कर्ज बुडवलं तर घेणेकरी त्यावर टाच आणू शकतो. स्पेंडथ्रिफ्ट कलम हे दोन्ही दरवाजे बंद करतं.

‘दोन्ही’ हा शब्द लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या राज्यांसाठी २००० साली तयार झालेला नमुना कायदा, युनिफॉर्म ट्रस्ट कोड, सांगतो की नुसतं घेणेकऱ्यांना अडवायचं आणि वारसाला मात्र हक्क विकायची मोकळीक द्यायची, असं कलम चालणार नाही. आणखी एक: पैसे एकदा वारसाच्या हातात पडले की संरक्षण संपलं.

१८८२

त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘ब्रॉडवे नॅशनल बँक विरुद्ध अॅडम्स’ हा खटला होता. एकाने भावासाठी ७५,००० डॉलर ट्रस्टमध्ये ठेवले होते आणि उत्पन्न घेणेकऱ्यांच्या हाती जाऊ नये, अशी अट घातली होती. न्यायालयाने अट मान्य केली. पैसा देणाऱ्याचा आहे, तो कसा द्यायचा हे त्यानेच ठरवावं. आणि मृत्युपत्र सार्वजनिक नोंदीत असतं, त्यामुळे आपली फसवणूक झाली असं बँक म्हणू शकत नाही.

त्याच वर्षी भारतात काय झालं? भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ ने सज्ञान, करारक्षम लाभार्थ्याला आपला हितसंबंध हस्तांतरित करायची मुभा दिली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, तोही १८८२ चाच. त्याचं कलम १० मालमत्ता विकायला पूर्ण बंदी घालणारी अट, काही अपवाद सोडले तर, रद्दबातल ठरवतं. हा विचार इंग्लंडमधून आला. तिथे १८११ च्या ‘ब्रँडन विरुद्ध रॉबिन्सन’ निकालापासून भूमिका अशी की जे तुमचं आहे, ते तुमच्या देण्यालाही लागू.

कलम कुठे थांबतं?

युनिफॉर्म ट्रस्ट कोडनुसार मुलांच्या किंवा जोडीदाराच्या पोटगीचा हुकूम असेल, तर कलम आड येत नाही. स्वतःच्याच पैशाचा ट्रस्ट करून स्वतःच लाभार्थी व्हायचं आणि घेणेकऱ्यांना अडवायचं, हेही या संहितेला मान्य नाही. अलास्काने मात्र १९९७ मध्ये त्याला वाट करून दिली.

खरा पेच अपघातग्रस्ताचा आहे. बँक कर्ज देण्याआधी चौकशी करू शकते. रस्त्यावर दारुड्या चालकाने उडवलेला माणूस काय चौकशी करणार? मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ‘स्लाय’ खटल्यात हाच मुद्दा धरला आणि अशा जखमी माणसाला चालकाच्या ट्रस्टमधून वसुलीचा मार्ग खुला केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला!

संशोधनाची तयारी करताना हा विषय एवढ्यासाठी वाचा. अॅडम्स निकालाचा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: घेणेकऱ्याला आधी नोंद तपासायची संधी असते. ते गृहीतक जिथे लागू होत नाही, तिथे युक्तिवाद लंगडा पडतो, निकाल कितीही जुना आणि मान्यवर असला तरी. तुमच्या विषयातला कुठलाही पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाच्या आधी असं गृहीतक शोधा, आणि ते कोणाच्या बाबतीत खोटं ठरतं ते वहीत लिहा. पुष्कळदा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.