चाव्यांचा जुडगा कुणाकडे?
रहस्यकथेचा मुलूख : लेखांक ९

इंग्रजीत ज्या रहस्यकथेला 'कोझी' म्हणतात तिच्यात खून होतो, पण रक्ताचे थारोळे दिसत नाही. तपासही होतो, मात्र तो करणाऱ्याकडे ना बिल्ला असतो ना पिस्तूल. गावातल्या घराघरांची खडान्‌खडा माहिती आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची दांडगी हौस, एवढ्याच भांडवलावर ही मंडळी खुनी पकडतात. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली कथेत आणि १९३० साली कादंबरीत आली. म्हातारी, विणकामात गुंग, आणि सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यातल्या माणसांवरून साऱ्या जगाची पारख करणारी. पुढे १९९२ मध्ये एम. सी. बीटन या स्कॉटिश लेखिकेने अगाथा रेझिन आणली. वय त्रेपन्न, लंडनमधला प्रसिद्धीचा धंदा विकून कॉट्सवोल्ड्समधल्या खेड्यात राहायला आलेली, तोंडाने फटकळ. गावावर छाप पाडायला ती पाककृतींच्या स्पर्धेत लंडनच्या दुकानातून आणलेला कीश स्वतः केलेला म्हणून ठेवते आणि तो खाऊन परीक्षक विषबाधेने मरतो. आता तिला आपण विष घातले नाही हे पटवायचे, तर आपण तो केलाच नाही हे आधी कबूल करावे लागते. गावाच्या लेखी दुसरा गुन्हा काही लहान नाही. या प्रकारातला विनोद असा पेचातून निघतो. मधूनमधून पेरलेल्या कोट्यांवर त्याचे भागत नाही.

मराठीत अशी बाई का नाही, हा या आठवड्याचा प्रश्न. आपल्याला रहस्यकथेचे वावडे होते असे कोणी म्हणणार नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला, सुहास शिरवळकरांच्या अमर विश्वास आणि फिरोज इराणीने एक पिढी रात्रभर जागवली. पण झुंजार काय किंवा काळा पहाड काय, ही मंडळी शहरातली, तरणीबांड, वेषांतर करणारी, मोटारी उडवणारी. दुसरीकडे खेडे आणि विनोद यांचे लग्न मराठीत केव्हाच लागले होते. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटलांच्या गावात पारावरची एक बातमी संध्याकाळपर्यंत चौपट होते. म्हणजे सामान सगळे घरात होते, फक्त वेगवेगळ्या फडताळांत. अनंत अंतरकरांच्या संपादनाखालची मासिके पाहिली की हे फडताळ स्पष्ट दिसते: विनोद 'मोहिनी'त, गूढ आणि थरार 'नवल'मध्ये. संपादक एकच, घर एकच, पण हसायचे असेल तर एक अंक आणि दचकायचे असेल तर दुसरा. दोन्ही एकत्र करायला मुभा होती ती मुलांच्या पुस्तकात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे चक्क खेड्यातला. तो हसवतो आणि चोरही पकडतो. पण तो शाळकरी. मोठ्यांसाठी त्याच्या एखाद्या मावशीला हे काम द्यावे असे कुणाच्या मनात आले नाही. मिरासदारांच्या गावात बातमी फुगत जाते. गुप्तहेराला त्याच बातमीतली हवा काढत मूळ चिमूटभर गोष्टीपाशी पोहोचायचे असते. एवढी एक दिशा उलटी केली असती तर ही रहस्यकथा मराठीत सहज लिहिली गेली असती.

ती कुठे घडावी, याचे माझे उत्तर खंडाळा. यावर पहिली हरकत ठरलेली: खंडाळा खेडे कुठे उरले आहे? ते लोणावळा नगरपरिषदेत मोडते, २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५७ हजारांवर होती, शनिवार-रविवारी त्यात गाड्यांचा लोंढा वेगळाच. 'गुलाम' चित्रपटातल्या गाण्यानंतर तर १९९८ पासून खंडाळ्याचे नाव घेतले की लोक आधी डोळे मिचकावतात. हरकत खरी आहे, पण ती माझ्याच बाजूने झुकते. सगळे सगळ्यांना ओळखतात असे एकजिनसी गाव रहस्यकथेला फारसे उपयोगाचे नसते. तिथे गुन्हा होण्याआधीच गुन्हेगार ठाऊक असतो. हवी असते ती दोन थरांची वस्ती: कायम राहणारे थोडे आणि येऊन-जाऊन राहणारे बरेच. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या पारशी, गुजराती, ख्रिस्ती कुटुंबांनी, संस्थांनी इथे बंगले आणि आरोग्यधामे बांधली, तेव्हापासून खंडाळ्याची घडण अशीच दुपदरी आहे. मंगळवारी दुपारी गावठाणात सगळे ओळखीचे, आणि शुक्रवारी रात्री निम्मे चेहरे नवे.

शिवाय भूगोल. जुलैत घाटात दरड कोसळली की रहस्यकथाकाराला हवा असलेला बंदिस्त पट आयता मिळतो. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती महामार्गावर दरड आली होती, २०१९ च्या पावसाळ्यात घाटातल्या नुकसानीपायी मुंबई-पुणे गाड्या कित्येक दिवस रद्द होत्या. पण खंडाळा बेटासारखा तुटत नाही, आणि यातच मौज आहे. मुंबईची बाजू बंद झाली तरी पुण्याची बाजू उघडीच राहते. 'मी मुंबईहून येणार कसा, घाट बंद होता' असे म्हणणाऱ्या पुतण्याला 'मग पुण्याहून आलास का' एवढे विचारले की अर्धे प्रकरण मोकळे होते. ख्रिस्तीने बर्फ, बेटे आणि आगगाड्या वापरून जे साधले ते इथे दरवर्षी पाऊस फुकट करतो.

आता गुप्तहेर कोण? सोपी वाट म्हणजे अगाथा रेझिनची: मुंबईची निवृत्त अधिकारी बाई खंडाळ्यात बंगला घेते आणि तपासाला लागते. मला ही वाट चुकीची वाटते. इंग्लंडच्या खेड्यात मिस मार्पल स्वतः मध्यमवर्गीय, पण अनेक बातम्या तिच्याकडे मोलकरणींच्या तोंडून येतात. खंडाळ्यात माहितीचा ओघ त्याहून एकतर्फी आहे. बंगल्याच्या मालकाला माळ्याच्या घरी किती माणसे आहेत हे धड सांगता येणार नाही; माळ्याच्या घरात मात्र मालकाच्या तीन पिढ्या तोंडपाठ. कोणाचे औषध बदलले, कोणती सून आताशा येत नाही, कोणत्या खोलीला यंदा कुलूप लागले, पाहुण्यांसाठी किती ताटे सांगितली आणि किती उष्टी झाली, हे सगळे ज्या बाईला दिसते तीच इथली गुप्तहेर. पन्नाशीच्या अलीकडची, चार बंगल्यांच्या चाव्या कमरेला, सांगितले तर जेवण करून देणारी. चाव्यांच्या त्या जुडग्यात एक चावी अशी की जिचे कुलूप दोन वर्षांपूर्वीच बदलले आहे, पण तिने ती परत केलेली नाही. कारण जुने कुलूप कुठल्या दाराला लागले आहे हे तिला माहीत आहे.

अशी बाई तपासात पडेलच कशाला, हा या साहित्यप्रकाराचा जुना दुखरा कोपरा. हौशी गुप्तहेराला उगाच चौकशीची खाज का, याचे समाधानकारक उत्तर फार थोड्या मालिकांकडे आहे. इथे ते परिस्थितीतच आहे. बंगल्यात काही घडले की पहिली विचारपूस 'बंगल्यावरच्या माणसां'ची होते. तिला खरा गुन्हेगार शोधावाच लागतो, नाहीतर तिचा नवरा किंवा मुलगा चौकीवर बसलेला असतो. आणि विनोदाचा रोखही बदलतो. जुन्या इंग्रजी कथांत नोकरमाणसे विनोदाला असतात. इथे तिच्या नजरेतून हास्यास्पद ठरतात ते चिक्कीचे खोके गाडीत भरताना मृताच्या इच्छापत्राबद्दल हळू आवाजात बोलणारे नातेवाईक. आपले बोलणे तिला कळत नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्यासारखे पात्र विनोदी लेखकाला मागूनही मिळत नाही.

पण पोलीस तिला घटनास्थळी उभे तरी करतील का? करतील, आणि कायद्यानेच. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पंच व्हायला कोणी राजी नसते, कारण सही केली की पुढे कोर्टाच्या तारखा. मग कुलूप उघडायला जी आलेलीच आहे तिला सांगायचे, 'बाई, तुम्हीच थांबा जरा.' शेर्लॉक होम्सला अशी अधिकृत जागा कोणी दिली नव्हती. आजूबाजूच्या कुरवंड्यासारख्या गावांकडे वळले तर आणखी पुढची सोय आहे: १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील. गणवेश नाही, मानधनावर काम, गावातलाच माणूस, आणि गावातली खबर पोलिसांना नि दंडाधिकाऱ्यांना कळवणे हे कर्तव्य. आज कित्येक गावांत या जागेवर बायका आहेत. त्याही मागे गेले तर मराठी मुलखात चोराचा माग काढण्याची रीत होती: माग ज्या शिवेत शिरला त्या गावच्या राखणदाराने तो पुढे गेल्याचे दाखवायचे, नाहीतर भरपाई गावावर. गावाने आपल्या हद्दीतला गुन्हा स्वतः उलगडायचा, हे इथे साहेबाच्या पुस्तकातून आलेले नाही.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. आता फास्टॅग आहे, कॅमेरे आहेत, फोनचे लोकेशन आहे, मोठ्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी येणे नव्या संहितेने बंधनकारक केले आहे. मग चाव्यांच्या बाईचे काय काम? एवढेच की फोन कुठे होता ते कळते, माणूस कुठे होता ते नाही. शिवाय या कथांत 'कसे मारले' यापेक्षा 'का मारले' हा प्रश्न वजनदार असतो, आणि आपल्याकडे त्या 'का'चे उत्तर बहुतेक वेळा जमिनीच्या कागदात असते. समजा, कुरवंड्याच्या बाजूची वडिलोपार्जित जमीन आहे. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. ती नोटीस नेमकी ऐन पावसाळ्यात निघाली, मुंबईच्या भावाचा पत्ता जुना, बंद बंगल्याच्या पेटीत लखोटा भिजत पडलेला, आणि तो कोणी उचलला हे एका बाईने पाहिलेले. विषापेक्षा हा लखोटा मराठी वाचकाला लवकर पटेल. भाऊबंदकीला प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरी हरकत मी सगळ्यांत गंभीर मानतो. सेंट मेरी मीडचा गोडवा बराचसा झाकपाकीवर उभा आहे. आपल्या गावात जात आहे, आणि मरण हसण्यावारी नेणे इथे सोसणार नाही. पैकी मरणाचे म्हणणे मला फारसे पटत नाही. तेराव्याच्या पंगतीत वाटणीवरून होणारी कुजबुज ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला मृत्यू आणि हशा यांचे शेजार नवे नाही. हसायचे मेलेल्याला नाही, उरलेल्यांना. जातीचे म्हणणे मात्र खरे, आणि ती वगळून लिहिलेला खंडाळा पोस्टकार्डावरचा होईल. पण ती ठेवली तर तपासाला धारच येते. त्याच बंगल्यात एकीला स्वयंपाकघरापर्यंत मोकळीक, दुसरीला मागच्या दारापर्यंतच. दोघींनी पाहिलेले वेगळे, आणि दोघी एकमेकींशी मोकळेपणी बोलतील तेव्हाच चित्र पुरे होणार. संशयितांची उलटतपासणी त्यामानाने सोपी. या दोघींना एका ओट्यावर बसवणे हे लेखकापुढचे खरे अवघड प्रकरण. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे उभा केला आणि पुढची दहा वर्षे मुंबईत पाऊल न टाकता त्याच्यावर लिहिले. त्याला घरबसल्या शहर जमले, पण असा ओटा घरबसल्या जमणार नाही.

राहिला मालिकेचा व्यावहारिक प्रश्न. लहान गावात दर पुस्तकाला एक खून पाडला की दहाव्या पुस्तकापर्यंत गावच रिकामे व्हायचे. इंग्रजी वाचक याची थट्टा कधीपासून करत आले आहेत. खंडाळ्याला ही अडचण नाही. इथे मरणारे आणि मारणारे बहुतेक घाटाखालून येतील, सोमवारी उरलेले परत जातील, गावठाणातली माणसे पुस्तकामागून पुस्तक तीच राहतील. फार तर एखाद्या बंगल्याच्या फाटकावरची पाटी बदलेल, आणि नवे मालक आले की पहिल्याच दिवशी विचारतील, चाव्या कोणाकडे असतात?