एकक्रिय रिव्हॉल्व्हर, मोठ्या व्यासाचे

प्रत्येक गोळी झाडण्यापूर्वी ज्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढून ताणावा लागतो, असे फिरत्या कोठ्यांचे एकहाती अग्निशस्त्र. चाप ओढल्याने यात ताणलेला घोडा सुटणे एवढी एकच क्रिया घडते, म्हणून त्यास एकक्रिय म्हणतात. द्विक्रिय रिव्हॉल्व्हरात चापाच्या एकाच ओढीने घोडा आधी मागे जातो व मग सुटतो. नळीचा अंतर्व्यास ०·४० इंचाहून (सु. १० मिमी.) अधिक असल्यास शस्त्राची गणना सामान्यतः मोठ्या व्यासात होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोडदळाचे शस्त्र म्हणून याचा विकास झाला. आज तेथे शिकार, नेमबाजी व संग्रह यांसाठी त्याचा मुख्यत्वे उपयोग होत असला, तरी स्वसंरक्षणासाठी ते निवडणारेही आहेत.

इतिहास : सॅम्युएल कोल्ट (१८१४–६२) यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या कोठ्यांच्या शस्त्राचे एकस्व मिळविले. आरंभीच्या शस्त्रांत प्रत्येक कोठीत समोरून दारू व गोळी ठासावी लागे आणि मागे आघाती टोपी बसवावी लागे. १८४७ मधील ‘वॉकर’ हे ०·४४ इंची रिव्हॉल्व्हर सु. २ किग्रॅ. वजनाचे असल्याने ते कमरेऐवजी खोगिरालाच अडकवीत. धातूच्या पुंगळीचे काडतूस मागून भरण्यास आरपार कोठी लागते. तिचे १८५५ मधील एकस्व रोलिन व्हाइट यांचे असून ते स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होते. ते १८६९ मध्ये संपताच कोल्ट कंपनीचा मार्ग मोकळा झाला व १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने तिचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे ०·४५ इंची रिव्हॉल्व्हर स्वीकारले. या प्रकारातील पुढील बहुतेक शस्त्रे त्याच्याच घडणीवर आधारलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत त्याचे सु. साडेतीन लाख नग तयार झाले. १९५६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

सैन्याने १८९२ मध्ये ०·३८ इंची द्विक्रिय रिव्हॉल्व्हर घेतले; परंतु फिलिपीन्समधील लढायांत चालून येणाऱ्या मोरो योद्ध्यांना त्याच्या गोळ्या वेळीच थोपवीत नाहीत, असे आढळल्याने जुनी ०·४५ इंची शस्त्रे नळी आखूड करून पुन्हा वाटण्यात आली. १९०४ मधील चाचण्यांनंतर सैनिकी पिस्तुलाचा व्यास ०·४५ इंचाहून कमी नसावा, अशी शिफारस झाली. मोठ्या व्यासाविषयीचा लोकांतील विश्वास बऱ्याच अंशी या अनुभवातून आला आहे. तो निराधार नाही, पण अतिशयोक्त आहे. गोळी शरीराच्या कोणत्या भागात व किती खोल शिरते, यावर तिचा परिणाम अधिक अवलंबून असतो. चुकलेल्या नेमाची भरपाई व्यासाने होत नाही.

रचना व क्रिया : मूळ कोल्टची चौकट अखंड असून चक्रात सहा कोठ्या असतात. घोडा अर्धा ताणला की चक्र मोकळे होते. उजव्या बाजूची झडप उघडून एकेक काडतूस भरावयाचे व रिकाम्या पुंगळ्याही नळीखालील सळईने एकेक करून ढकलावयाच्या, अशी पद्धत आहे. सहा कोठ्या रिकाम्या करून पुन्हा भरण्यास सरावलेल्या माणसालाही बराच वेळ लागतो. झटापटीत ते जवळजवळ अशक्यच. मूठ नांगराच्या मुठीसारखी वक्र असते. प्रतिक्षेपाने ती तळहातात किंचित फिरते, त्यामुळे धक्का सौम्य भासतो व घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. ताणलेल्या घोड्याचा चाप सु. १ ते २ किग्रॅ. ओढीने सुटतो, तर द्विक्रिय शस्त्रात ४ ते ६ किग्रॅ. बल लावावे लागते. एकक्रिय शस्त्राचा नेम चांगला लागतो तो यामुळेच.

हाच हलका चाप भीतीच्या क्षणी घातक ठरतो. घोडा ताणून चालणे वा दुसऱ्यास धमकावणे म्हणजे अनपेक्षित गोळी सुटण्यास आमंत्रण होय. गोळी न झाडण्याचे ठरल्यास घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली आणावा लागतो आणि अंगठा निसटला की बार उडतो.

त्याहून मोठा दोष जुन्या घडणीत आहे. घोड्याची टोकदार खीळ भरलेल्या काडतुसाच्या आघाती टोपीवर टेकलेली राहते. तिला किंचित मागे धरून ठेवणारी पहिली खाच नाजूक असते. शस्त्र घोड्यावर आपटल्यास ती तुटून गोळी सुटू शकते व ती बाळगणाऱ्याच्याच पायात शिरण्याचा संभव असतो. म्हणून घोड्याखालची कोठी रिकामी ठेवून पाचच काडतुसे भरण्याचा प्रघात पडला. ‘सिक्स शूटर’ हे नाव त्या अर्थाने फसवे आहे. रूगर कंपनीने १९५५ मध्ये आणलेल्या ‘ब्लॅकहॉक’मध्ये पट्टीच्या कमानींऐवजी वेटोळ्या कमानी घालून दुरुस्तीचा त्रास कमी केला, परंतु खरी सुधारणा झाली ती १९७३ मध्ये. ‘ट्रान्सफर बार’ नावाची पट्टी चाप मागे ओढलेला असतानाच घोडा व खीळ यांच्यामध्ये येते. एरवी घोड्याचा आघात खिळीपर्यंत पोहोचतच नाही. अशा शस्त्रात सहाही कोठ्या भरता येतात. आधीच्या नगांना सुधारित भाग विनामूल्य बसवून देण्याची योजना कंपनीने १९८२ मध्ये सुरू केली.

संरक्षणार्थ निवड करताना म्हणूनच व्यासाआधी ही पट्टी पाहावी. त्यानंतर काडतुसाचा विचार येतो. ‘०·४५ कोल्ट’ची सु. १६·५ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी सेकंदास सु. २६० मी. वेगाने जाते व तिचा धक्का बहुतेकांना सोसवतो. १९५५ मधील ‘०·४४ मॅग्नम’ मात्र मोठ्या श्वापदांसाठी ठीक. बंद खोलीत तिचा आवाज व झगमगाट झाडणाऱ्यालाच क्षणभर निकामी करतो आणि गोळी लक्ष्यापार जाऊन पलीकडच्या माणसास इजा करू शकते. बळकट चौकटीसाठी बनविलेली जादा दाबाची ०·४५ काडतुसे जुन्या कोल्टमध्ये बसतात, पण त्यांनी कोठी फुटू शकते; १९०० पूर्वीच्या नगांत तर धूरविरहित दारूही वापरू नये. नळी ४·७५ ते ५·५ इंच लांबीची सोयीची. घोडदळाची ७·५ इंची नळी म्यानातून उपसण्यास उशीर लागतो. दोन्ही हातांनी धरून आधाराच्या हाताच्या अंगठ्याने घोडा ताणण्याचा सराव केल्यास पकड न बदलता गोळ्या झाडता येतात.

रानात अस्वलासारख्या श्वापदापासून बचावासाठी अशा शस्त्राचे समर्थन करता येते. घरात वा रस्त्यावर माणसापासून संरक्षण हवे असल्यास द्विक्रिय रिव्हॉल्व्हर वा स्वयंभरण पिस्तूल सरस ठरते. ब्रिटिशांनी हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांना दिलेली ०·४५५ इंची वेब्ली रिव्हॉल्व्हरे मोठ्या व्यासाची असली, तरी द्विक्रिय होती व मधोमध उघडून सर्व पुंगळ्या एकदम बाहेर टाकीत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार कोणतेही रिव्हॉल्व्हर बाळगण्यास परवाना लागतो आणि परवानाधारकांच्या हाती प्रामुख्याने ०·३२ इंची शस्त्रेच दिसतात.