हेडफोनची पाठ बंद झाली, आता आवाजावर पहारा कोणाचा?

शहरातल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात सगळ्यांनी मनोमन एक तह मान्य केलेला असतो. टीव्हीवर आजींची मालिका, टेबलाशी दहावीचा अभ्यास, कोपऱ्यात लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग, आणि ज्याला गाणी ऐकायची असतील त्याने हेडफोन लावायचा. पण हा हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे पाठ उघडी असलेला असेल, तर तह फार दिवस टिकत नाही. रात्री बाराला ऐकलेली बंदिश शेजारी झोपलेल्यालाही अर्धीमुर्धी ऐकू येते, आणि दुपारी मिक्सर सुरू झाला की ऐकणाऱ्याच्या कानात बंदिशीपेक्षा मिक्सरच जास्त शिरतो. मग घरात क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेला हेडफोन घ्यायचे ठरते.

हा बदल बहुतेक वेळा दुसऱ्यांची झोप आणि अभ्यास सांभाळण्यासाठी होतो. तो ऐकणाऱ्याच्या कानांच्याही भल्याचा ठरू शकतो, पण आपोआप नाही.

उघडी पाठ, बंद पाठ

हेडफोनच्या कपात एक पातळ पडदा थरथरतो आणि हवा ढकलतो. तो जेवढी हवा पुढे, कानाकडे ढकलतो, तेवढीच मागेही ढकलतो. ओपन-बॅक हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज मोकळा सुटून जातो. गाणे डोक्याच्या आत कोंडल्यासारखे वाटत नाही, समोर खोलीत सुरू असल्यासारखे वाटते. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला आणि दर्दी श्रोत्यांना तो एवढा आवडला की घरी निवांत ऐकण्यासाठी आजही अनेकांची पसंती याच प्रकाराला असते. क्लोज्ड-बॅकमध्ये जाळीच्या जागी अखंड कवच असते. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचाही बराचसा अडतो.

कानाच्या दृष्टीने हे बाहेरचे अडणे सर्वांत महत्त्वाचे. माणूस आवाज किती ठेवायचा हे आकडा पाहून ठरवत नाही. आजूबाजूच्या गोंगाटावर गाणे किंवा बोलणे नीट वर आले की त्याचे समाधान होते. पंखा, टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न वाढले की बोट नकळत आवाज वाढवते. गोंगाट थांबल्यावर मात्र तो पुन्हा कमी करायची आठवण क्वचितच होते.

सहा डेसिबलचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी हेडफोनसाठी जी सुरक्षित मर्यादा ठरवली आहे, ती मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. लहान मुलांसाठी ती ७५ डेसिबलला ४० तास. यातली खरी मेख पुढे आहे. डेसिबल हे साध्या बेरजेचे माप नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला फक्त ५ तास.

समजा, एखादी व्यक्ती रोज दोन तास, आठवड्याला १४ तास ऐकते. आवाज ८० डेसिबल असेल तर ती मर्यादेच्या खूप आत आहे. शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर मात करण्यासाठी तिने आवाज ६ डेसिबल वाढवला, तर तेच १४ तास मर्यादेबाहेर जातात. ऐकताना हा फरक फार मोठा वाटत नाही. कानाला मात्र तो चौपट भार असतो.

हा भार अंतर्कर्णातल्या केशपेशींवर पडतो. प्रत्येक कानात त्या साधारण पंधरा हजार असतात. आवाजाच्या लहरींचे मेंदूला कळणाऱ्या संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे काम. त्वचेला खरचटले की नवी त्वचा येते, पण माणसाच्या कानातली मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत सुरू होते. म्हणूनच सुरुवातीला 'ऐकू येत नाही' अशी तक्रार नसते. ऐकू येते, पण शब्द उलगडत नाहीत. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने याच उंच पट्टीत असतात. दुकानदार 'साठ' म्हणतो आणि कानाला 'आठ' ऐकू येते. लोक पुटपुटतात, अशी तक्रार सुरू होते, आणि घरच्यांना वाटते की याचे लक्ष नाही.

घरातला पहारेकरी जातो

तर मग क्लोज्ड-बॅक घेतला की प्रश्न सुटला का? बाहेरचा गोंगाट कमी झाल्यावर आवाजही तेवढाच खाली आणला, तरच सुटला. पुष्कळ जण तो खाली आणत नाहीत. एक तर जुन्या जोडीवर बोट जिथे थांबायचे, तिथेच ते नव्या जोडीवरही थांबते. पण प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असते. फोनवर तोच आकडा ठेवला, तरी एक जोडी दुसरीपेक्षा बरीच मोठ्याने वाजू शकते. म्हणून नवी जोडी पहिल्यांदा लावताना आवाज शून्यावर आणावा, खोली शांत असताना हळूहळू वाढवावा आणि शब्द स्पष्ट कळू लागले की थांबावे. ती खूण लक्षात ठेवावी. फोनवर ऐकत असाल तर आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवण्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. वेगळा अॅम्प्लिफायर लावला असेल तर या टक्केवारीला अर्थ उरत नाही, तिथे स्वतःची खूणच कामाची.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ओपन-बॅक हेडफोन चुगलखोर असतो. मुलाने आवाज वाढवला की पलीकडच्या खोलीतून आई ओरडते, "अरे, कान फुटतील, कमी कर!" बंद पाठीचा हेडफोन ही चुगली करत नाही. मुलगा शांतपणे पुस्तकात डोके घालून बसलेला दिसतो आणि कानात काय चालले आहे, हे त्याच्याशिवाय कोणालाच कळत नाही. घरातला फुकटचा पहारेकरी गेला, त्याची जागा आता दुसऱ्या कशाने तरी घ्यायला हवी. अनेक फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालता येते आणि आठवड्याचा ऐकण्याचा हिशेबही दिसतो. मुलांच्या फोनवर ही मर्यादा पालकांनी पहिल्याच दिवशी घालावी. मोठ्यांनी स्वतःसाठीही घालावी.

दुकानात काय पाहावे

बंद कवच सगळे आवाज सारखे अडवत नाही. बोलणे, भांड्यांचा खणखणाट, शिट्टी असे मध्यम आणि उंच आवाज बऱ्यापैकी अडतात. पंख्याची, एसीची घरघर किंवा ट्रकचा घुमणारा खर्जातला आवाज फारसा अडत नाही. सतत घरघर असलेल्या घरात नॉइज कॅन्सलिंगची सोय उपयोगी पडते. त्यात छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या नेमकी उलट लहर सोडून तो पुसतात. एकसारख्या खर्जाच्या आवाजावर ही युक्ती चांगली चालते, अचानक आलेल्या आवाजावर कमी.

हे सगळे कानाभोवतीची गादी नीट टेकली तरच. चष्म्याची दांडी, जाड केस किंवा झुमके यांमुळे फट राहिली की खर्ज आतून निसटतो, गाणे पोकळ वाटते आणि माणूस पुन्हा आवाज वाढवतो. म्हणून रोजचा चष्मा लावूनच हेडफोन घालून पाहावा, आणि दोन मिनिटे नव्हे, शक्य तर वीस मिनिटे. कानाची पाळी गादीखाली चेपली जाऊ नये, ती कपाच्या आत मावावी. पट्ट्याचा दाब जास्त असेल तर त्यानेच डोके दुखू लागते. डोकेदुखीच्या वैद्यकीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी हलका आणि सैल हेडफोन निवडावा.

ओपन-बॅकची सवय असलेल्यांना आणखी दोन गोष्टी जाणवतील. एक, फोनवर बोलताना स्वतःचाच आवाज कान झाकल्यावर घुमतो तसा घुमतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुसरी, घाम. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत बंद कपाखाली कान लवकर ओला होतो आणि ओलसर, उबदार कानात बुरशी व जिवाणू दोन्ही वाढतात. रेक्झिनसारखी गादी आवाज चांगला अडवते, पण घाम धरते. कापडी गादीत हवा खेळते, पण आवाज थोडा निसटतो. कोणतीही असो, दर तासाने हेडफोन काढून कानांना हवा द्यावी, गादी कोरड्या कापडाने पुसावी आणि सोलवटली की बदलावी. आंघोळीनंतर ओल्या कानावर किंवा कानात तेल घालून वर हेडफोन लावू नये. कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत हेडफोन बाजूला ठेवावा, दुसऱ्यालाही देऊ नये. मधुमेह असलेल्यांनी कानाच्या दुखण्याकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण त्यांच्यात बाह्यकर्णाचा साधा वाटणारा संसर्गही हाडापर्यंत पसरू शकतो.

कोणाची हाक ऐकू यायला हवी?

खरेदीपूर्वी सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मात्र हेडफोनचा नाही, घराचा आहे. गाणे सुरू असताना घरात कोणाची हाक ऐकू येणे गरजेचे आहे? आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील, पाळण्यातले बाळ, गॅसवरचा कुकर, दारावरची बेल. ओपन-बॅकमधून हे सगळे ऐकू येत होते, म्हणून कधी विचार करावा लागला नाही. बंद कपात शिट्टी आणि हाक हेच आवाज आधी अडतात. न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या किंवा एका बाजूची ताकद गेलेल्या वृद्धाला क्षीण आवाजात एखाद-दुसरीच हाक मारता येते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. त्यातला तास-दीड तास एखाद्या मैफलीत निघून जाऊ नये.

यावर उपाय सोपे आहेत. घरात असे कोणी असेल तर दोघांनी एकाच वेळी कान बंद करू नयेत. एक जण ऐकत असताना दुसऱ्याने जागते राहावे. एकटेच असाल तर बाहेरचा आवाज आत घेणारी सोय सुरू ठेवावी, किंवा एक कान उघडा ठेवावा. आजारी माणसाच्या हाताशी फोन द्यावा आणि आपला फोन थरथराटावर खिशात ठेवावा. गॅस चालू असताना हेडफोन नको. आणि जुना ओपन-बॅक टाकून देऊ नये. घर शांत आहे, कोणाची झोपमोड होणार नाही, अशा वेळी तोच कानांना मोकळा आणि घराला जवळचा.

हेडफोन काढल्यावर कानात गुंई असा आवाज राहत असेल, काही वेळ सगळे दबल्यासारखे ऐकू येत असेल, तर तो कानाचा इशारा समजावा आणि आवाज व वेळ दोन्ही कमी करावेत. हे वारंवार होत असेल किंवा 'साठ' आणि 'आठ' मधला गोंधळ वाढला असेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांत ती होते आणि तिला दुखत-खुपत नाही. एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर मात्र 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.