डिकेम्बे मुटुम्बो : डॉक्टर होऊ न शकलेला खेळाडू

बास्केटबॉलमध्ये कौतुक होते ते गुण मिळवणाऱ्यांचे. प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू न देणारा बचावपटू बहुधा दुर्लक्षितच राहतो. अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगमध्ये ज्या मोजक्या खेळाडूंनी केवळ बचावाच्या बळावर कीर्ती मिळवली, त्यांत काँगोच्या डिकेम्बे मुटुम्बो यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

२५ जून १९६६ रोजी किन्शासा येथे जन्मलेले मुटुम्बो १९८७ मध्ये अमेरिकेत आले ते डॉक्टर होण्यासाठी. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. मात्र सात फूट दोन इंच उंचीचा हा विद्यार्थी प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. मुटुम्बो संघात आले आणि वैद्यकीय शिक्षण मागे पडले. तरीही भाषाशास्त्र आणि राजनय या विषयांत त्यांनी पदवी मिळवली. १९९१ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत डेन्व्हर नगेट्सने त्यांना चौथ्या क्रमांकावर घेतले.

‘ब्लॉक’ म्हणजे बास्केटच्या दिशेने मारलेला चेंडू हवेतच अडवणे. हे केवळ उंचीचे काम नाही. चेंडू वर जात असतानाच तो अडवावा लागतो. खाली येऊ लागल्यावर त्याला हात लावला, तर प्रतिस्पर्ध्याला गुण बहाल होतात. म्हणजे निर्णय क्षणार्धात घ्यायचा असतो. शिवाय असा बचावपटू बास्केटपाशी उभा असला, की प्रतिस्पर्धी जवळ यायलाच कचरतात आणि दुरून फटके मारू लागतात. हा परिणाम आकडेवारीत दिसत नाही. जे आकडे दिसतात, तेही थक्क करणारे आहेत. १८ हंगामांत मुटुम्बो यांनी ३,२८९ ‘ब्लॉक’ केले. या यादीत त्यांच्या पुढे आहेत ते फक्त नायजेरियात जन्मलेले हकीम ओलाजुवान. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार मुटुम्बो यांना चार वेळा मिळाला. चेंडू अडवल्यावर तर्जनी हलवून ‘इथे नाही’ असे बजावण्याची त्यांची लकब तर जगभर गाजली.

१९९४ मध्ये आठव्या मानांकित डेन्व्हरने अग्रमानांकित सिॲटल सुपरसॉनिक्सला ३-२ असे हरवले. बाद फेरीत असे प्रथमच घडले होते. त्या मालिकेत मुटुम्बो यांनी ३१ ‘ब्लॉक’ केले. अखेरच्या क्षणी चेंडू उराशी धरून मैदानावर पडलेले मुटुम्बो हे चित्र रसिकांच्या कायमचे लक्षात राहिले. २००१ मध्ये फिलाडेल्फियाकडून आणि २००३ मध्ये न्यू जर्सीकडून ते अंतिम फेरीत पोहोचले. विजेतेपदाने मात्र त्यांना अखेरपर्यंत हुलकावणी दिली.

तथापि, त्यांचे सर्वांत मोठे काम मैदानाबाहेरचे आहे. किन्शासातील अशांततेमुळे त्यांच्या आईला रुग्णालयात नेता आले नाही आणि तिचा मृत्यू झाला. १९९७ मध्ये प्रतिष्ठान स्थापन करणाऱ्या मुटुम्बो यांनी पुढे आईच्या नावाने त्याच शहरात ३०० खाटांचे ‘बियाम्बा मेरी मुटुम्बो रुग्णालय’ उभारले. २ कोटी ९० लाख डॉलरच्या या प्रकल्पातील निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा स्वतःचा होता. २००७ मध्ये तेथे रुग्णसेवा सुरू झाली.

२००९ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांनी निवृत्ती घेतली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मेंदूच्या कर्करोगाने वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डॉक्टर होऊन त्यांना मायदेशी परतायचे होते. ते डॉक्टर होऊ शकले नाहीत; पण ज्या शहरात त्यांच्या आईला उपचार मिळाले नाहीत, तेथे इतरांच्या आयांवर उपचार होण्याची सोय त्यांनी करून ठेवली.