वीज आत, ऊब बाहेर

संगणकाला दिलेल्या विजेचं शेवटी काय होतं? जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंपाची वीज निदान पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवून ठेवते. सर्व्हरचं तसं नाही. त्याने तुमचे फोटो सांभाळले, रेल्वेचं तिकीट काढून दिलं, तरी त्यासाठी घेतलेला एक किलोवॉट खोलीला एक किलोवॉटच्या हीटरइतकंच तापवतो. एकेका इमारतीत असे हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात.

म्हणून डेटा सेंटरमध्ये हिशेब करण्याइतकंच मोठं काम असतं ते ही ऊब बाहेर काढण्याचं. त्यापायी किती वीज जाते हे कळावं म्हणून २००७ च्या सुमारास ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघाने पीयूई नावाचं एक गुणोत्तर रूढ केलं. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा: इमारतीने घेतलेली एकूण वीज भागिले सर्व्हरपर्यंत पोचलेली वीज. उत्तर १ आलं तर काहीच वाया गेलं नाही. त्या काळी सरासरी होती २.५. म्हणजे सर्व्हरला एक युनिट द्यायचं आणि एसी, पंखे, यूपीएस यांच्यावर दीड युनिट खर्च करायचं! आज गूगल आपल्या मोठ्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास असल्याचं सांगतं. मधल्या काळात असं घडलं तरी काय?

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून झाली. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. पूर्वी सगळ्या रांगा एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत, त्यामुळे पुढच्या रांगेने फेकलेली गरम हवा मागची रांग ओढून घेई. मग रांगा समोरासमोर आणि पाठीला पाठ लावून मांडल्या. एक गल्ली थंड, पुढची गरम, आणि दोन्हींतली हवा मिसळू नये म्हणून मध्ये पडदे किंवा दारं. दुसरा शोध त्याहून गमतीचा: यंत्रांना एवढ्या गारठ्याची गरजच नव्हती! २००८ मध्ये अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २७ अंश सेल्सिअसपर्यंतची हवा सर्व्हरला चालेल, अशी शिफारस केली. तोवर जी वीज खोल्या त्याहून गार ठेवण्यात गेली, तिचा हिशेब न केलेलाच बरा.

पण खरी कल्पकता दिसते ती चिलरलाच, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रालाच, रजा देणाऱ्यांमध्ये. फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हामिना गावाजवळ सुम्मा नावाची कागद गिरणी होती. ती २००८ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतली. गिरणीच्या पोटात एक खजिना दडलेला होता: ग्रॅनाइटच्या खडकातून खोदलेला, समुद्राचं पाणी आत आणणारा जुना बोगदा. गिरणीच्या गरजेसाठी १९५० च्या दशकात खणलेल्या त्या बोगद्यातून आज फिनलंडच्या आखाताचं गार पाणी येतं, उष्णता-विनिमयकांतून फिरतं आणि सर्व्हरची ऊब घेऊन जातं. समुद्रात परत सोडण्याआधी त्यात ताजं गार पाणी मिसळतात, नाहीतर किनाऱ्यालगतच्या जीवसृष्टीला चटका बसायचा. बोगदा खणला तेव्हा ‘सर्व्हर’ हा शब्दही या अर्थाने वापरात नव्हता.

थंड समुद्र हाताशी नसेल तर बाष्पीभवनाचा मार्ग उरतो. आपल्या माठातलं पाणी गार होतं तेही याच न्यायाने: पाण्याचा अंश उडून जाताना उष्णता सोबत नेतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या प्राइनव्हिल इथे फेसबुकने २०११ मध्ये याच तत्त्वावर, चिलरशिवाय चालणारं केंद्र उभारलं. कोरड्या वाळवंटी हवेवर पाण्याचा फवारा मारायचा आणि गार झालेली हवा आत घ्यायची. त्याच उन्हाळ्यात नियंत्रण यंत्रणेच्या चुकीने दमट हवा आतल्या आत फिरत राहिली आणि इमारतीत चक्क ढग तयार झाला! सर्व्हरवर पाणी साचलं, काहींचे वीजपुरवठ्याचे भाग जळाले. पुढच्या सर्व्हरांना त्या भागांभोवती रबरी आवरण मिळालं.

माठाला एक मर्यादा असते, ती विदर्भातून मुंबईत राहायला आलेल्या कुणालाही विचारा. नागपूरच्या मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गारेगार करतो. मुंबईत तोच कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर आणखी पाणी उडणार कसं? आणि देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा नेमका मुंबई महानगरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल इथे या इमारती उभ्या राहिल्या, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. हवा पाहून कुणी जागा निवडली नाही. गूगलचं ते १.१ इथे फुकटात मिळणार नाही.

पण पीयूईच्या या चर्चेत एक वेगळाच मुद्दा नजरेआड होतो. पीयूई फक्त इमारतीचं मोजमाप करतो, सर्व्हर आत काय करतोय ते त्याला दिसत नाही. गूगलमधल्या लुईझ बारोझो आणि उर्स होल्झले या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच राबतात, आणि काहीच करत नसतानाही कमाल विजेच्या निम्मी वीज खातात. मग एका यंत्रात दहा ‘आभासी’ यंत्रं बसवून रिकामटेकड्यांना बंद करणं वाढत गेलं. माझ्या मते खरी मोठी बचत ही आहे. बोगदा आणि ढग ऐकायला रंजक, इतकंच. ‘सायन्स’ नियतकालिकातल्या २०२० च्या एका अभ्यासानुसार २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरचं काम साडेसहा पट झालं, आणि वीज वाढली जेमतेम ६ टक्के. दुसऱ्या कुठल्या उद्योगाने असं करून दाखवल्याचं मला आठवत नाही.

आता वीजवापराची ती संथ वाढ संपली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या सर्व्हरांच्या एकेका रॅकला, म्हणजे कपाटाला, १२० किलोवॉटच्या आसपास वीज लागते. एवढी उष्णता हवेने हटत नाही, म्हणून थेट चिपवर बसवलेल्या पट्टीतून द्रव खेळवावा लागतो. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता पोटात घेतं. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही अशीच द्रवाने थंड करण्याची सोय आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने जगातली डेटा सेंटर २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरत होती; २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल.

युरोपीय संघात ५०० किलोवॉटपासून पुढच्या प्रत्येक डेटा सेंटरला आता वीज आणि पाण्याचे आकडे कळवणं बंधनकारक आहे. जर्मनीने तर जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांसाठी पीयूई १.२ ची मर्यादा आणि बाहेर पडणाऱ्या उबेचा काही भाग पुन्हा वापरण्याची अट कायद्यातच घातली आहे. नवी मुंबईच्या प्रत्येक नव्या इमारतीकडूनही हे दोन आकडे, वीज आणि पाणी, जाहीरपणे मागायला हवेत. जागा आणि सवलती देताना सरकारने ही अट घातली पाहिजे.